पाटीच्या कोपऱ्यातलं नाव

शालिग्राम पेंटरनं हरवलेल्या भावाच्या नावानं कॉम्प्युटरवर झोळी फिरवली आणि परदेशातून डॉलर आले, ही बातमी गेल्या जूनमध्ये आमच्या जळगावच्या गल्लीत सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा निघाली आणि पाणी जायच्या आत शेवटच्या घरी पोचली. मधल्या चार घरांचा प्रवास तिनं माझ्या तोंडून केला, हे मी नाकारत नाही. सांगताना मी वर थोडा मसालाही टाकला, की आता पेंटर सायकल विकून गाडी घेणार.

दुपारपर्यंत खरं कळलं. डॉलर नव्हते. दीड पानाचं पत्र होतं, आणि ते ऐकल्यावर शालिग्राम गिरधरभाऊंच्या टायपिंग क्लासाच्या पायरीवर बसला तो तीन तास उठला नव्हता.

शालिग्राम आमच्या शेजारचा. भिंत एक, त्यामुळे त्याच्या घरातली फोडणी आणि भांडण दोन्ही आमच्याकडे आधी येतं. धुळ्याकडचं कुटुंब; शालिग्राम दहा-बारा वर्षांचा असताना बापानं इकडे आणलं, आणि थोड्याच वर्षांत बाप गेला. पोरानं ब्रश धरला. अक्षर असं, की कापडाच्या दुकानाच्या पाटीवरच्या त्याच्या ‘क’ला पिशवी अडकवावीशी वाटायची. आधी दोरीला खडू लावून रेघ मारायची, मग हात उचलायचा नाही. अक्षराची सावली कुठल्या बाजूला पडणार हे तो सूर्याला विचारून ठरवतो, असं मी म्हणायचो. तो हसायचा नाही. त्याला विनोद दुसऱ्या दिवशी कळतो.

त्याच्या पाठीवर त्याच्या आईला, धुरपदाबाईंना, दोन मुलगे झाले आणि दोन्ही वर्षाच्या आत गेले. म्हणून मग तिसरा झाला तेव्हा त्या माउलीनं पाच घरी पदर पसरून दाणे मागितले, जुन्या कापडाचे तुकडे मागितले, त्या तुकड्यांचं अंगडं शिवून बाळाला घातलं. डावी नाकपुडी टोचली. नाव ठेवलं भिकन. मागून आणलेल्या पोरावर यमाची नजर जात नाही, असा आमच्या खानदेशात हिशेब. आणि हिशेब बरोबर निघाला. भिकन जगला, वाढला, भावाच्या हाताखाली ब्रश मारू लागला. शाळेत मास्तरांनी घातलेलं नाव राजेंद्र. ते दाखल्यावर राहिलं. हाक सगळ्यांची भिकनच.

आता मोठ्या भावाचं दुखणं सांगतो. शालिग्रामला त्या नावाची लाज वाटायची. तो भिकारी नव्हता, मानी माणूस होता. सदऱ्याला रंगाचा डाग पडला तरी दुसऱ्या दिवशी तो सदरा घालायचा नाही. त्याला वाटायचं, भाऊ वीस वर्षांचा झाला, आता लोकांनी भिकन म्हणू नये, टोचलेलं नाक बघून बाजारात पोरं टिंगल करतात ती करू नये.

सत्त्याऐंशी साली पहूरच्या एका कापड दुकानाची पाटी होती. बारा फुटी. पाटी आमच्याच ओट्यासमोर भिंतीला टेकवून रंगवलेली, त्यामुळे पुढचं सगळं मी चहाचा कप हातात घेऊन पाहिलं. अक्षरं दोघांनी मिळून काढली. शेवटी शालिग्राम हात धुवायला आत गेला, तेवढ्यात भिकननं उजव्या कोपऱ्यात, जिथं पेंटर आपलं नाव टाकतो, तिथं बोटभर अक्षरांत लिहिलं: भिकन. आयुष्यातली पहिली सही. मागे सरकून बघत होता.

शालिग्राम बाहेर आला. दुकानदार समोर उभा.

“हे काय?” शालिग्राम म्हणाला.

“मनं नाव,” भिकन म्हणाला.

“भिकाऱ्याचं नाव लोकांच्या दुकानावर? शेठ काय म्हणतील? राजेंद्र लिही.”

“राजेंद्र कोन शे? मी नही वळखत.”

शालिग्रामनं टर्पेंटाइनचं फडकं घेऊन ते नाव पुसलं आणि त्याच हातानं भावाच्या कानाखाली दिली. शेठ म्हणाला, “अरे असू दे.” आम्ही ओट्यावरचे हसलो. खरं सांगायचं तर गाल टर्पेंटाइननं चमकत होता म्हणून हसलो. भिकननं ब्रश खिशात घातला, ओला होता तसाच, आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं गेला. संध्याकाळी येईल, असं सगळे म्हणाले.

अकरा वर्षं तो आला नाही.

शालिग्रामनं शोधला नाही असं कुणी म्हणू नये. सुरतेला दोनदा गेला, मुंबईला तीनदा. चोपड्याच्या एका भगताकडे गेला. त्यानं दक्षिण दिशा सांगितली, तर हा दक्षिणेकडे पार सोलापूरपर्यंत जाऊन आला. पेपरात जाहिरात दर दिवाळीला. ‘चि. राजेंद्र, वय अमुक, रंग गोरा, उंची मध्यम, दहावी पास. घरी ये, आई वाट बघते.’ दर वेळी धुरपदाबाई पेपर वाचून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “राजेंद्र कोन शे? मना आंडोरनं नाव भिकन शे. नाक टोचेल शे, ते बी लिख.” माझ्या पोराचं नाव भिकन.

“माय, लोक हासतीन.”

“हासू दे. बठ्ठी दुनिया त्याले भिकन म्हने, आन तू राजेंद्र राजेंद्र करस.”

शालिग्राम ऐकून घ्यायचा आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा राजेंद्रच छापायचा.

अठ्ठ्याण्णवला धुरपदाबाईंचे डोळे गेले म्हणायला हरकत नाही. एकाचं ऑपरेशन फसलं, दुसऱ्यात डॉक्टरनं हात घालायला नकार दिला. वर्षभर थोडंफार दिसेल म्हणाला. म्हातारी शालिग्रामला म्हणाली, डोळे आहेत तोवर मला त्याचं तोंड दाखव. बस, एवढंच मागणं. वर्षाची मुदत. घरात दुसरा विषय राहिला नाही.

त्याच सुमाराला गिरधरभाऊंनी आपल्या टायपिंगच्या क्लासातली निम्मी यंत्रं अडगळीत टाकून तिथं दोन कॉम्प्युटर बसवले आणि बाहेर इंटरनेट असं लिहून घेतलं. पाटी अर्थात शालिग्रामची. पाटी रंगवता रंगवता त्यानं विचारलं, “भाऊ, हे असतं काय?”

“जगभरातल्या लोकांची पानं. आपणही एक लावायचं. जो शोधेल त्याला दिसतं.”

“दुबईला दिसेल?”

“दुबईला, अमेरिकेला.”

शालिग्रामचा ब्रश तिथंच थांबला. त्या दिवशी ‘नेट’मधल्या ‘ट’ला सावली नाही, अजून नाही, जाऊन बघा.

फुकटात पान ठेवू देणाऱ्या एका ठिकाणी गिरधरभाऊंनी जागा घेऊन दिली. शालिग्रामनं घरी आठवडाभर बसून कार्डशीटवर मजकूर रंगवला. काय अक्षरं! वर कमान, ‘शोध’ लाल रंगात, खाली भावाचा दहावीचा फोटो, त्याखाली ‘चि. राजेंद्र’ सोनेरी. ते कार्डशीट फोटो स्टुडिओतल्या यंत्रावर घालून चित्र कॉम्प्युटरवर चढवलं. दिवाळीच्या आधी पान लागलं. गल्लीतले आम्ही सगळे बघून आलो. मी म्हणालो, “पेंटर, भाऊ सापडो न सापडो, लग्नपत्रिकेच्या ऑर्डरी येतील.” दुसऱ्या दिवशी तो मला रागावला.

पानाच्या तळाला, किती जण येऊन गेले त्याचा आकडा होता. नोव्हेंबरात एक्केचाळीस. शालिग्राम खूश. गिरधरभाऊंनी मला हळूच सांगितलं, त्यातले तीस वेळा तो स्वतः आणि उरलेले आपण गल्लीवाले.

मग कुणीतरी त्याला युक्ती सांगितली, की शब्द पुष्कळ वेळा लिहिला की पान वर येतं. शालिग्रामनं गिरधरभाऊंच्या नकळत पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतून राजेंद्र जळगाव, राजेंद्र जळगाव असं दोनशे वेळा टाकलं. पांढऱ्यावर पांढरं, पेंटरलाच सुचावं असलं काम. डोळ्याला दिसत नाही आणि यंत्राला दिसतं, असा त्याचा कावा.

गिरधरभाऊ एप्रिलमध्ये पुण्याला चार दिवस शिकून आले. आल्या आल्या त्यांनी शालिग्रामला बोलावलं. मी तिथं एक अर्ज टाइप करून घ्यायला गेलो होतो, काम नसतं तरी गेलो असतो.

“पेंटर, आपण सगळं उलटं केलं,” गिरधरभाऊ म्हणाले. “ही शोधणारी यंत्रं असतात ना, ती चित्र बघत नाहीत. आंधळी असतात. ती फक्त टाइप केलेली अक्षरं वाचतात. तू एवढं सोनेरी रंगवलंस, ते त्यांच्या लेखी कोरं कार्डशीट.”

शालिग्रामचं तोंड उतरलं. “आणि ते पांढरं लिहिलेलं?”

“ते कुणी सांगितलं तुला? ती लबाडी यंत्राला कळायला लागलीय. कळली की पान पार मागे फेकून देतं. काढ आधी.”

“मग करायचं काय?”

“साधं आहे. पानाला वर एक मथळा द्यायचा, त्यातच कळलं पाहिजे पान कशाचं आहे. खाली सरळ मजकूर. इंग्रजी अक्षरांत, कारण शोधणारा इंग्रजीत टाइप करणार. मग पानांच्या याद्या ठेवणारे लोक असतात, त्यांना आपला पत्ता कळवायचा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना पत्र टाकायचं, की तुमच्या पानावरून आमच्या पानाकडे वाट दाखवा. चार जणांनी बोट दाखवलं की यंत्र मानतं, इथं काहीतरी आहे. आणि मग थांबायचं. महिना, दोन महिने. त्याला घाई चालत नाही.”

“बरं.”

“पण सगळ्यात मोठी गोष्ट ही नाही. मला सांग, हे पान शोधणार कोण?”

“भिकन… राजेंद्र शोधेल.”

“तो कशाला शोधेल? त्याला घर माहीत आहे. शोधेल तो ज्याला तुझा भाऊ भेटलाय आणि त्याचं घर माहीत नाही. अनोळखी माणूस. त्याच्या तोंडात कोणते शब्द असतील? तो काय टाइप करेल? तुला काय लिहायला आवडतं ते सोड.”

शालिग्राम खालच्या आवाजात, जणू काही चोरी कबूल करतोय असं, म्हणाला, “भिकन. भिकन पेंटर. जळगाव. डावी नाकपुडी टोचलेली.”

गिरधरभाऊंनी तेवढंच टाइप केलं. आणखी दोन ओळी. सोनेरी कार्डशीट काढून टाकलं. पान इतकं भकास दिसायला लागलं, की मला पोलीस चौकीतल्या फळ्याची आठवण झाली. घरी जाऊन शालिग्रामनं आईला सांगितलं, नाव बदललं. भिंतीतून मला म्हातारीचा आवाज आला: “आते वाचतीन.” आता वाचतील.

जूनमध्ये पत्र आलं. मस्कतहून, मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत. कडेला भोकं असलेल्या कागदावर गिरधरभाऊंनी ते छापून काढलं आणि शालिग्रामला स्वतः वाचायला दिलं नाही, मोठ्यानं वाचून दाखवलं; मी तोवर तिथं पोचलो होतो. लिहिणारा खोत नावाचा, रत्नागिरीकडचा, एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून. जेवढं मला आठवतं तेवढं देतो.

आमच्या कॅम्पात सहा वर्षं एक पेंटर होता. पासपोर्टावर त्याचं नाव दुसरंच होतं, पत्ताही दुसऱ्या राज्यातला. एजंटानं कुणाचा तरी पासपोर्ट त्याला दिला होता. त्या पत्त्यावर आम्ही टाकलेलं पत्र परत आलं. आमच्यात तो स्वतःला भिकन म्हणवायचा. डाव्या नाकाला भोक होतं. साइटवरच्या इंग्रजी पाट्या रंगवायचा आणि कोपऱ्यात मराठीत बारीक सही करायचा, त्यावरून मला कळलं की हा आपल्याकडचा. गाव विचारलं तर जळगाव, एवढंच. घरचं विचारलं की विषय बदलायचा. डिसेंबरात तो परांचीवरून पडला. सात आठवडे हॉस्पिटलात होता. शुद्ध येऊन जाऊन. कुणाला कळवावं हे समजेना, म्हणून जानेवारीत मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दोनदा बसलो आणि टाइप केलं: भिकन, पेंटर, जळगाव. काही आलं नाही. नऊ फेब्रुवारीला तो गेला. इथल्या हिंदू स्मशानात आम्ही दहा-बारा जणांनी उरकलं. काल स्टोअर रिकामं करताना त्याची पिशवी निघाली. राहवलं नाही, म्हणून परत तेच तीन शब्द टाकले. तुमचं पान सगळ्यात वर आलं. माफ करा. पिशवी कुणाबरोबर पाठवू?

गिरधरभाऊंनी कागद खाली ठेवला. पलीकडे एक मुलगी टायपिंगचा सराव करत होती, तीही थांबली.

शालिग्रामनं विचारलं, “जानेवारीत आपलं पान लागलेलं होतं ना?”

“होतं,” गिरधरभाऊ म्हणाले.

“मग त्याला का नाही आलं?”

गिरधरभाऊ चष्मा पुसत राहिले. शालिग्रामनंच शेवटी म्हटलं, “त्यात भिकन नव्हता.”

आणि तो बाहेर जाऊन पायरीवर बसला.

आईला सांगायला तो दुपार उलटल्यावर गेला. मी मागोमाग गेलो. भिंतीतून ऐकण्यापेक्षा समोर उभं राहिलेलं बरं, काही लागलं तर. धुरपदाबाई ओट्यावर कापसाच्या वाती वळत होत्या. डोळे गेले तरी बोटं वळत होती. त्यानं उभ्या उभ्या सांगितलं, काही लपवलं नाही. पडला, हॉस्पिटलात होता, गेला.

म्हातारीनं वात पुरी वळली. मग विचारलं, “कव्हय?”

“फेब्रुवारीमा.”

“आन नाव कव्हय टाकं तू?”

“एप्रिलमा, माय.”

तिनं डाव्या हाताची बोटं मोजली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तिसऱ्या बोटाशी थांबली. मग अंदाजानं मान माझ्याकडे वळवून म्हणाली, “नाना, चहा ली जाय. उभा नको ऱ्हाऊ.” चहा पिऊन जा. माझ्याशी बोलली. सुनेशी बोलली. गल्लीतल्या कुत्र्याशीही बोलते ती. शालिग्रामशी त्या दिवसापासून एक शब्द नाही. तो समोरून गेला की पायांचा आवाज ओळखते आणि वातीचं टोपलं जवळ ओढून घेते. सहा महिने झाले.

पिशवी गणपतीच्या सुमाराला आली, मुंबईला उतरलेल्या एका माणसाबरोबर. दोन ब्रश, एक स्वेटर, आणि कॅम्पातल्या पाटीचा एक फोटो. पाटीवर इंग्रजीत हेल्मेट घाला असं काहीतरी होतं. ‘एच’ला डावीकडून सावली, शालिग्राम काढतो तशीच. कोपऱ्यात बोटभर अक्षरांत नाव. फोटो त्यानं आईच्या हातात दिला. तिनं त्यावरून बोट फिरवलं, कोपरा सापडेपर्यंत. फोटोत कोपरा सापडून काय सापडणार, पण फिरवलं. फोटो आता तिच्या उशाखाली आहे.

शालिग्रामचं पाटीचं काम तसंही कमी होत चाललंय. मुंबईहून छापलेले कापडी बोर्ड यायला लागलेत. हल्ली तो निम्मा दिवस गिरधरभाऊंकडे बसतो. व्यापारी येतात, त्यांना आपलं पान हवं असतं. गिरधरभाऊ मशीन सांभाळतात आणि मजकूर शालिग्राम ठरवतो. गिऱ्हाइकाला तो एकच प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही: “ज्याला तुम्ही माहीत नाही, तो काय टाइप करेल?”

परवा सावद्याचे निंबाभाऊ आले होते. केळीचे व्यापारी. उत्तरेकडे ट्रक भरून केळी पाठवतात. त्यांना पानावर देवीचा फोटो हवा, वाजणारी आरती हवी आणि मथळा हवा ‘फलोद्यान उद्योग समूह’.

“दिल्लीतल्या माणसाला ट्रकभर केळी हवी आहेत,” शालिग्राम म्हणाला. “तो काय टाइप करेल?”

“मला काय ठाऊक?”

“मग फोन करून विचारा. माझ्या मते तो लिहील: केळी, ट्रक, सावदा, जळगाव. मथळ्यात हेच घालू. आरती नको. देवीचा फोटो खाली, लहान.”

“अरे, नुसतं केळी?” निंबाभाऊ चिडले. “हातगाडीवाला आहे का मी? नातेवाईक बघतील, व्याही बघतील. काय म्हणतील?”

“व्याही केळी घेणार आहेत का?”

“तू लिही मी सांगतो ते. पान माझं आहे.”

“तुमचं आहे. पण मी लिहिणार नाही. गिरधरभाऊंकडून लिहून घ्या.”

निंबाभाऊ उठून उभे राहिले. गिरधरभाऊ कसनुसे हसले. हातचं गिऱ्हाईक चाललं, हे मला दिसलं, आणि मला गप्प बसता येत नाही, ही गल्लीला माहीत असलेली गोष्ट. मी म्हणालो, “अरे पेंटर, एवढं काय ताणतोस? चार भारी शब्द घाल की. माणसाची चारचौघांत लाज राखायला काय जातं तुझं?”

बोललो आणि जीभ चावली. शालिग्रामनं ब्रशसारखी धरलेली पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी त्याला दुसरा दिवस लागला नाही.

“लाज राखली होती मी, नाना,” तो म्हणाला. “नऊ फेब्रुवारीपर्यंत राखली.”